सावे सरांची दुरुस्ती

आपली चूक मोकळेपणाने कबूल करावी, हा सुविचार आमच्या शाळेच्या फळ्यावर वर्षातून दोनदा तरी लिहिला जातो. ज्याचं अक्षर चांगलं त्याला लिहायला सांगतात, बाकीचे वाचतात आणि प्रार्थना संपते. तो सुविचार अंगाला लावून घेतलेला माणूस मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला, आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून दीडेक वर्ष गावोगाव फिरवल्यामुळे माझी कंबर कायमची धरली आहे. त्यामुळे सावे सरांबद्दल मी इथे सगळं गोडच लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमची शाळा पालघरहून मनोरकडे जाताना मासवणच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. निम्मी मुलं गावांतली, निम्मी आजूबाजूच्या पाड्यांवरची. मी गणित शिकवायची, सर इतिहास. सर मूळचे माकुणसारचे. घरची नारळ-केळीची वाडी, वाडीवर थोरला भाऊ. सर मात्र पालघरला दोन खोल्यांत राहायचे आणि एसटीने यायचे. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. कारण विचारलं तर म्हणायचे, "बाई, मागे बसलेल्याला रस्ता जास्त दिसतो." हे ते माझ्याच स्कूटरवर बसून म्हणायचे, पेट्रोल माझं असताना.

दिसायला काही विशेष नाही. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत हजेरीपट, चष्म्याची डबी आणि मोसमात चिकू. मधल्या सुट्टीत चिकू खायचे आणि बिया कागदात बांधून परत पिशवीत ठेवायचे. त्या बियांचं पुढे काय करायचे ते मला कधी कळलं नाही. हजेरी घेताना मुलाच्या नावाबरोबर त्याच्या गावाचं किंवा पाड्याचं नावही घ्यायचे. त्यामुळे त्यांची हजेरी दहा मिनिटं चालायची आणि पुढचा तास माझा असला की माझा जीव खालीवर व्हायचा.

त्यांचा एक प्रश्न साऱ्या शाळेला पाठ होता. "हे कोणी पाहिलं?" इयत्ता पाचवीच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर काहीच लिहायचे नाहीत. एखाद्या मुलाला उभं करून काल घरी काय झालं ते सांगायला लावायचे, आणि मध्येच विचारायचे, "हे तू पाहिलंस, की कुणी सांगितलं? ज्याने सांगितलं तो तिथे होता का? असला तर कुणाच्या बाजूने होता?" एवढं आलं की इतिहास आला, असं त्यांचं म्हणणं. हा प्रश्न ते स्टाफरूममध्येही सोडायचे नाहीत. मुख्याध्यापक चिडलेत असं शिपाई सांगत आला की सर चिकू सोलता सोलता विचारणार, "कोणी पाहिलं?" शिपाई बिचारा परत जाऊन बघून यायचा.

सहल शिरगावच्या किल्ल्यावर नेली तेव्हाची गोष्ट. एका मुलाने पुस्तकातलं उत्तर ठोकलं, की किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. सरांनी त्याला तटाचा एक दगड हलवायला सांगितलं. दोघांनी, चौघांनी जोर लावला. दगड हलला नाही. मग सर म्हणाले, "आता मला सांग, किती पोर्तुगीज उन्हात हे दगड वाहत होते?" मुलं दगडाकडे बघायला लागली. "ज्यांनी वाहिले त्यांच्या वंशातली पोरं तुमच्यातच असतील. त्यांची नावं पुस्तकात नाहीत, म्हणून ती माणसं नव्हतीच असं समजू नका. इतिहास मोठ्या माणसांनी घडवला हे खरं. पण आपल्या भागात मोठी माणसं जरा बुटकी होती, ती लांबून दिसत नाहीत." मुलं हसली. मीही हसले. परत येताना बसमध्ये ते एकटेच खिडकीशी बसले होते आणि फार खुशीत होते.

आता ती चूक.

नववीला स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला की सर पुस्तक मिटून आपल्या भागातली एक गोष्ट सांगायचे. स्वातंत्र्य उंबरठ्यावर होतं तेव्हाची. इकडे डोंगराच्या कडेला गवताची मोठी कुरणं होती. पाड्यांवरच्या लोकांनी गवत कापायचं, वखारीत भारे टाकायचे, तिथून ते दाबून गाठी बांधून मुंबईला तबेल्यांना जायचं. मजुरी म्हणाल तर वखारवाल्या शेटच्या मनाला येईल ती, आणि बरंच काम नुसती वेठ. एका वर्षी लोकांनी विळे खाली ठेवले. आमच्याजवळच्या चिंचपाड्यावर सगळ्यांत आधी विळा ठेवला तो जेठी नावाच्या बाईने. ती धवलेरी होती. म्हणजे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहिल्यावर देवांना गाण्यातून बोलावून लग्न लावणारी. तिचा शब्द चार पाड्यांवर चालायचा. ती बसली म्हणून सगळे बसले. लोक कंद खाऊन राहिले, पण गवताला हात लावला नाही. आणि मग एका सकाळी जेठीच्या दारात भाताची दोन पोती दिसली, शेटच्या वखारीचं चिन्ह असलेली. जेठी फितूर झाली अशी हाकाटी उठली. लोकांचं मन मोडलं. दुसऱ्या दिवशी चिंचपाडा जुन्याच मजुरीवर कुरणात उतरला. बाकीचे पाडे टिकले आणि त्यांनी वाढीव मजुरी मिळवली. चिंचपाड्याला ती मिळायला आणखी बरीच वर्षं लागली.

सर ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. पोती दिसतात त्या जागी आवाज खाली आणायचे आणि क्षणभर थांबायचे. शेजारच्या वर्गात मी समीकरणं शिकवत असले तरी माझाही खडू थांबायचा. शेवटी म्हणायचे, "प्रत्येक लढ्यात शूर असतात, तसा एक फितूरही असतो. दोघांचीही नावं लक्षात ठेवा." एकोणीस वर्षं त्यांनी ही गोष्ट सांगितली.

विसाव्या वर्षी नववीत सुनीता वांगड होती. अबोल, मागच्या बाकावरची, माझ्या विषयात कच्ची. गोष्ट संपल्यावर ती उठून उभी राहिली. हे मला नंतर सरांनीच सांगितलं, आणि एकदा सोडून चार वेळा सांगितलं.

"सर, ती माजी पणजी. तुमाला हे कोणी सांगलं?"

"माझ्या वडिलांनी."

"त्यांनी पायलं?"

"नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं."

"मंग ते तवा कुटं व्हते?"

सरांचे आजोबा तेव्हा शेटच्या वखारीवर दिवाणजी होते. सर म्हणाले, "वखारीत." सुनीता म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. वर्गात कुणी हसलं नाही. तास संपायला वीस मिनिटं होती, ती सरांनी खिडकीतून बाहेर बघत घालवली. दुसऱ्या दिवसापासून सुनीता शाळेत यायची थांबली.

मी म्हटलं, पोरगी रुसली आहे, येईल. सर म्हणाले, "बाई, पाचवीपासून मी त्यांना जे विचारायला शिकवलं ते वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं. आणि मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. घरचा माणूस सांगतो म्हटल्यावर मला सुचलंच नाही." मला त्या वेळी ते जरा जास्तच वाटलं. माणूस हळवा झाला की त्याला चहा द्यावा आणि सोडून द्यावं, असं माझं मत होतं.

त्या रविवारी सर माकुणसारला गेले. घरी त्यांची आत्या होती, ऐंशीच्या पुढची, बालविधवा, जन्म माहेरीच काढलेला. वाल सोलत बसली होती. सरांनी तिला सरळ विचारलं, की ती पोती जेठीला शेटनं दिली ते आजोबांनी पाहिलं होतं का.

आत्या म्हणाली, "पायला कशाला पायजे? बाबांनीच तर ठेवली ती पोती तिच्या दारात. मी गाडीतच बसलेली. सात-आठ वर्षांची आसेन. पाटं निंगालो, ती लोका पलीकडं कुरणाजवळ जमलेली. बाबा मला म्हणाले, बोलशील तर मारीन. मी नाय बोलली."

"आत्या, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी इचारला मला? मला वाटला तुला म्हाईत हाय. तू तर इतिहास शिकवतो."

एवढं बोलून ती परत वाल सोलायला लागली. सर म्हणायचे, तिच्या आवाजात काही नव्हतं. तिच्यासाठी ती एका बैलगाडीची आठवण होती, बस.

भावाने हे आतल्या खोलीतून ऐकलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "झालं ते झालं. आता आज्याला नागडा करून तुला काय मिळणार हाय?" सर पिशवी उचलून निघाले. पुढे त्यांनी जे केलं त्यानंतर भावाने त्यांना गणपतीला बोलावणं बंद केलं. माकुणसारच्या त्या घरात सरांचं बालपण गेलं होतं, दर गणपतीला मखर तेच करायचे. ते दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. लपवायचा प्रयत्न करायचे, पण लपायचं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर सर माझ्याकडे आले. "बाई, चिंचपाड्यावर सोडता का? परतीची एसटी मिळायची नाही." अशी सुरुवात झाली.

पाड्याच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा सुटं असं कारवीचं घर. दारात जेठीची मुलगी बसली होती, बुधीआजी, सुनीताच्या आजोबांची बहीण. आत्याच्याच वयाची. अंगाने काडी, पण नजर अशी की मी स्कूटर जरा लांबच लावली. सुनीता आम्हाला बघून आत गेली. सरांनी चपला काढल्या, जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. आजोबांचं नाव घेतलं, आत्याचं सांगितलं, आपण वीस वर्षं वर्गात काय बोललो तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी माफी मागायला आलो."

बुधीआजी ऐकत होती. मग म्हणाली, "मला काय सांगतो, मास्तर? मी तिची पोर. मला म्हाईतच व्हतं."

ती पाय आखडून घेऊन पुढे म्हणाली,

"तिला मंग कोणी लगनाला बोलावली नाय. मरस्तवर. तिनं सगळी गाणी मला दिली. मलाबी कोणी बोलावली नाय. आतल्या ह्या पोरीला मागणी आली ती फितुराचं घर म्हणून फिरून गेली. तू माफी मागशील नि घरी जाशील. त्याचं मी काय करू? वाटून खाऊ?"

"मग मी काय करू ते सांगा."

"किती पोरांना सांगलास?"

"एकोणीस वर्षं. नववीचे दोन-दोन वर्ग."

"मंग जेवढ्यांना सांगलास तेवढ्यांकडनं परत आण."

सरांनी मान डोलावली. मला वाटलं म्हातारीचा राग आहे, सर मान डोलावून मोकळे होतील. मी त्यांना बावीस वर्षं ओळखत होते आणि तरीही ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयातून जुने हजेरीपट घेऊन बसले आणि एका दोनशेपानी वहीत नावं उतरवायला लागले. नाव, गाव, पाडा. पुढे एक रिकामा रकाना.

स्टाफरूममध्ये चर्चा झालीच. कुणी म्हणालं, आता प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एक मेसेज टाका आणि विषय संपवा. सर म्हणाले, "मी त्यांना तोंडाने सांगितलं होतं. समोर उभा राहून, आवाज खालीवर करून. मग दुरुस्तीही तशीच करायला हवी." मुख्याध्यापकांनी एवढंच बजावलं, की शाळेच्या वेळात नाही आणि शाळेच्या नावाने नाही. म्हणजे उरले रविवार आणि सुट्ट्या. आणि वाहनासाठी उरले मी. मी का हो म्हटलं, हे आमच्या घरी अजून विचारतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला गंमत वाटली होती.

बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही पहिल्या पाळीच्या सुटीची वाट बघत उभे होतो. सुरक्षारक्षक बिहारकडचा. "किससे मिलना है, अंकल?" सरांनी नाव सांगितलं. "क्या काम है?" सर त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मैंने उसको नववी में एक चीज गलत पढ़ाया था. वो सुधारने का है." रक्षकाने एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "पेपर में नंबर कम आए थे क्या?" "नहीं. इतिहास गलत था." त्याने आत फोन लावला आणि सांगितलं, "कोई मास्टरजी आए हैं, थोड़ा जल्दी भेजो." मग स्वतःची खुर्ची सरांना दिली. सर बसले नाहीत, मी बसले.

मुलगा बाहेर आला, मुलगा कसला, पोट सुटलेला सुपरवायझर. पाया पडला. सरांनी तिथेच फाटकावर, टँकरच्या आवाजात, त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तेव्हा दुरुस्त करून घे." तो "हो सर, हो सर" करत राहिला आणि आम्हाला वडापाव खायला घेऊन गेला. सरांनी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली.

वाणगावला एक जण मिरची करायचा. ढोबळी मिरचीच्या शेतात पाईप जोडत होता. सरांना बघून हसत सुटला. "सर, मला तुमचं काय बी आठवत नाय हो. पानिपत कोणी केलं तेबी नाय." सर म्हणाले, "पानिपत विसरलास तर हरकत नाही. चिंचपाड्याची गोष्ट आठवते का?" तो लगेच म्हणाला, "ती फितूर बाय? दोन पोती?"

सरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. परत येताना स्कूटर रस्त्याला लागली. मग मागून म्हणाले, "बाई, सनावळ्या पुसल्या, लढाया पुसल्या, राजे पुसले. तेवढी एक ओळ राहिली. मी इतकं चांगलं शिकवायला नको होतं." तेव्हापासून मला त्यात गंमत वाटेनाशी झाली.

सगळीकडे असंच झालं. कुणी तहसील कचेरीत, कुणी रिक्षावर, कुणी सफाळ्याला केशकर्तनालयात, एक मुलगी तारापूरला सुईणकीचं शिक्षण घेऊन दवाखान्यात. पोरं बाकी सगळं विसरली होती, फक्त फितूर बाई तेवढी लक्षात होती. काहींनी ती आपल्या पोरांनाही सांगितली होती. मग सर त्या पोरांना बोलवायचे आणि त्यांनाही सांगायचे. काही जण कंटाळायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं, "सर, कुठल्या जमान्यातली बाई, सोडा ना आता." सर म्हणाले, "तू शाळेत असताना तुझ्यावर कंपासपेटी चोरल्याचा आळ आला होता. खरं काय ते शोधल्याशिवाय मी सोडलं होतं का?" तो मुकाट खुर्चीवर बसला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं.

एका नावाचा मुलगा राहिलाच नव्हता. महामार्गावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. मी म्हटलं, इथे खूण करून टाका. सरांनी ऐकलं नाही. त्याच्या घरी आई एकटी होती, सुपारी कातरत. सर म्हणाले, "तुमच्या मुलाला मी एक गोष्ट चुकीची शिकवली होती. त्याला सांगायचं राहिलं." बाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जेवताना सांगितली होती मला. पोत्यांचं काहीतरी. जेवण सोडून हातवारे करून सांगत होता, म्हणून ओरडले मी त्याला." सरांनी खरं काय ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मध्येच एकदा जेठीचं नाव परत विचारून घेतलं. निघताना म्हणाल्या, "बरं झालं आलात. त्याच्याबद्दल बोलायला आता कोणी येत नाही." 

महिन्यातून एकदा सर चिंचपाड्यावर जायचे आणि बुधीआजीला वही वाचून दाखवायचे. ती प्रत्येक नावाला विचारायची, "काय बोलला?" सर खरं ते सांगायचे. हसला, कंटाळला, रडला, वडापाव दिला. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला सुनीता चहा घेऊन बाहेर आली, आणि पुढच्या जूनला परत शाळेत आली. माझ्या विषयात कच्चीच राहिली.

सगळ्यांत अवघड पाडाच होता. वर्गात ऐकलेली मुलं तिथेही होती, पण त्यांच्या घरी ती गोष्ट सरांच्या आधीपासून होती. एका दुपारी सरांनी पाड्यावरची माणसं जमवली आणि सगळ्यांसमोर आजोबांचं नाव घेऊन सांगितलं. एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. सगळं संपल्यावर म्हणाला, "मास्तर, तवा आमच्या बापांनी तुज्या आज्याचं ऐकलं. आता आमी तुजं ऐकू. आमी नेमी तुमच्या घरचंच ऐकायचं काय?"

  लोक उठून गेले. सर बराच वेळ तिथेच बसून राहिले. मी म्हटलं, चला. तेव्हा म्हणाले, "बरोबर विचारलं त्याने. कोणी सांगितलं आणि तो कुणाच्या बाजूचा, हेच विचारलं." मला वाटलं, आता हा माणूस थांबेल. त्यांची निवृत्ती झाली, गुडघे गेले, आत्या वारली. ते थांबले नाहीत. वहीत बऱ्याच नावांपुढचे रकाने रिकामे होते. काही मुलं गुजरातेत कामाला, काही कुठे आहेत ते घरच्यांनाही माहीत नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते चिंचपाड्यावरच्या एका लग्नात. पुढच्याच महिन्यात ते नाशिकला मुलीकडे असताना गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

लग्न त्या काठीवाल्या म्हाताऱ्याच्या नातवाचं. नातू आमच्याच शाळेतला, सरांचा विद्यार्थी. आमंत्रण द्यायला तो पालघरला सरांच्या खोलीवर आला होता. सरांनी विचारलं, "धवलेरी कोण?" तो म्हणाला, "आजा सोता गेल्ता बोलवाया. बुधीच्या घरी." दर महिन्याला वही घेऊन येणारे सर आज्याने पाहिले होते, एवढंच तो पुढे म्हणाला. सरांनी मला फोन केला आणि तेच वाक्य तीनदा सांगितलं. मला वाटलं तब्येत बिघडली.

आम्ही सकाळीच पोहोचलो. मांडव घातला होता, आत भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता. पाड्यावरच्या दोघी बुधीआजीला धरून घेऊन आल्या. नवं लुगडं नेसली होती. सरांपाशी येऊन थांबली.

"सगळी झाली, मास्तर?"

"नाही, आजी. बरीच राहिलीत."

"ऱ्हाऊ दे. तू हितं बस. लांबडं हाय."

सरांना प्लास्टिकची खुर्ची दिली होती, मला बाकडं. आत बुधीआजी चौकासमोर बसली. बराच वेळ काहीच नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, आयुष्यात एकदाही लग्नात न गायलेली. माझ्या मनात आलं, हिला आता आठवलं नाही तर काय. मग आतून आवाज आला, बारीक, किंचित फाटलेला. पहिली ओळ मला कळली ती एवढीच, की जेठीची लेक बुधी गाते आहे, जेठीनं दिलं ते गाते आहे. देवाचं नाव त्याच्यानंतर आलं.

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मी बाही ओढली, "सर, बसा, गुडघे." काठीवाला म्हाताराही म्हणाला, "बस मास्तर, लय वेळ हाय." सरांनी ऐकलं नाही. हात मांडवाच्या खांबाला लावून ते आत बघत राहिले. बुधीआजी एकही शब्द न अडखळता गात होती, आणि दोन बायका मागून ओढून म्हणत होत्या. डोळे पुसायला सरांनी खांबावरचा हात एकदाच काढला.

गाणं संपायला दुपार झाली. सर तोवर उभे होते.